सह्यांच्या क्रमाने लावलेले कागद

मी, खाली सही करणारी, वय अठ्ठावन्न, अविवाहित, दप्तरखान्याच्या कागददुरुस्ती विभागातून मुदतीआधी निवृत्त, माझ्या राहत्या घरात समोरच्या खोलीत बसून हे मृत्युपत्र करून ठेवत आहे. मी पूर्ण शुद्धीवर आहे. माझ्यावर कुणाचे दडपण नाही. कुणी मला फूस लावलेली नाही आणि लावू म्हटले तरी ते सोपे नाही, हे मला ओळखणारे सगळे शपथेवर सांगतील.

शुद्धीवर असल्याचे वाक्य लोक रीत म्हणून लिहितात. मला ते मिळवावे लागले. मेंदूच्या डॉक्टरांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले, घड्याळाचे चित्र काढायला लावले, काही शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारले. घड्याळ वाकडे आले, पण काटे बरोबर होते. दाखला सोबत जोडला आहे. पुढच्या वर्षी असाच दाखला देता येईल असे डॉक्टर म्हणत नाहीत, म्हणून ही घाई. मजकूर मी तोंडाने सांगते आहे आणि वकीलबाई स्वतः टाइप करत आहेत, कारण माझे अक्षर आता मलाच लागत नाही. मधेमधे त्या "हे मृत्युपत्रात लागत नाही" असे म्हणतात. जे लागत नाही तेही टाइप करायचे, असे आमचे ठरले आहे.

१. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते, ते रद्द समजावे. त्यात मी रागाच्या भरात एक अट घातली होती. तिच्याबद्दल पुढे घराच्या कलमात सांगितले आहे.

२. मला जवळचे म्हणावे असे दोघेच आहेत. एक माझा धाकटा भाऊ, जो जमिनीचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत ड्राफ्ट्समन होता. दुसरी त्याची एकुलती मुलगी, माझी भाची, जी चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. भावजय पूर्वीच गेली. ती असती तर हे मृत्युपत्र निम्म्याने लहान झाले असते, कारण भावाला एका वाक्यात वठणीवर आणायची कला फक्त तिच्याकडे होती.

३. माझी हत्यारे. हाडाची पट्टी, टोच्या, सगळ्या सुया, मेण लावलेला दोरा, लाकडी शिकंजा आणि खळ शिजवायचे पातेले, हे सर्व दप्तरखान्यात माझ्यानंतर माझ्या टेबलावर बसलेल्या बाईंना द्यावे. त्यांना सगळे कातरबाई म्हणतात. मला खळबाई म्हणत. आम्ही दोघींनी मिळून जेवढे सडके कागद जगवले तेवढी माणसे एखाद्या इस्पितळाने जगवली नसतील, असे त्या म्हणायच्या, आणि मी त्यांना कधी अडवले नाही. पातेल्यात खळीशिवाय दुसरे काही शिजवू नये. शिकंज्याचा डावीकडचा स्क्रू रुसतो, त्याला तेल लागत नाही, थोडा वेळ लागतो. पट्टी हातातून सुटायला लागली तेव्हा मी काम सोडले. कुणी सांगायची वाट पाहिली नाही. पट्टीवाचून हात कसे दिसतात हे मला त्याआधी ठाऊक नव्हते.

४. बँकेत जे आहे त्यातून आधी माझ्या शुश्रूषेचा खर्च भागवावा आणि उरेल ते भाचीला द्यावे. फार उरेल असे वाटत नाही. हा आजार सावकाश मारतो, आणि सावकाशीला पैसे पडतात.

५. दप्तरखान्याच्या मागच्या साहेबांनी माझ्या शेवटच्या वर्षाच्या अहवालात "कामात हलगर्जीपणा" असा शेरा मारला. त्यांना मी एक कोरा कागद ठेवत आहे. त्यावर त्यांनी हलगर्जीपणा म्हणजे काय ते सवडीने लिहावे.

शेजारच्या निवृत्त तिकीट तपासनिसांनी मी जिन्यात तोल जाऊन पडले त्या दिवसापासून मी पिते असे सगळ्या इमारतीत सांगितले. मी आयुष्यात खोकल्याच्या औषधापलीकडे काही प्यालेले नाही. त्यांना माझ्या स्वयंपाकघरातल्या पाण्याच्या सर्व बाटल्या द्याव्यात, त्यांनी हुंगून पाहाव्यात. माफ करावे म्हणून वकीलबाई माझ्याकडे बघत आहेत. मी करणार नाही. याच आरोपाने आमच्या घरातला एक माणूस मेला आहे, हे पुढच्या कलमात कळेल.

६. आता पेटीबद्दल.

ही पेटी मी स्वतः पुठ्ठ्याची बांधली आहे, करड्या कापडाची, बिनकुलुपाची. कपाटाच्या मधल्या फळीवर असते. तिच्यात आमच्या घराण्याचे कागद आहेत आणि ते सह्यांच्या क्रमाने लावले आहेत. असा क्रम कुठल्याही दप्तरखान्यात लावत नाहीत. मी तो का लावला ते सांगते.

भावाने नोकरी मुदतीआधी सोडली. कॉम्प्युटर आल्यावर हाताने रेघ मारणाऱ्याला कोण विचारतो, असे तो म्हणायचा. घरी बसल्यावर त्याने घराण्याची वंशावळ काढायला घेतली. वडिलांच्या मागे कागदांची ट्रंक त्याच्याकडे गेली होती. तिच्यात प्रत्येकाचे गाठोडे वेगळे, दोऱ्यात बांधलेले, पत्रे पाकिटांत, दुकानाच्या चिठ्ठ्या तारेत ओवलेल्या. मागून कुणी हात न लावल्यामुळे सगळे जागच्या जागी होते. माझ्या भावाने हात लावला. त्याच्या नाकावर टापटिपीची माशी कायमची बसलेली आहे. त्याने दोरे सोडले, पाकिटे फेकली, तारा काढल्या, सगळ्या कागदांना इस्त्री केली आणि आकारमानाप्रमाणे लावून, मोठे खाली आणि लहान वर, माझ्याकडे आणून दिले.

"बघ ताई, कसं चकाचक केलंय. आता फक्त तारखा काढून दे, कोण कधी जन्मलं, कधी गेलं."

मी विचारले, "दोरे कुठायत?"

"टाकले. कुजले होते."

"आणि पाकिटं?"

"अगं, त्यांच्यावर नुसते टपालाचे शिक्के होते. आतले कागद आहेतच की."

"तारखा त्या शिक्क्यांतच होत्या."

तो जरा ओशाळला आणि मग म्हणाला, "तू आहेस ना. तू लावशील."

त्या दिवशी मी त्याला जे बोलले ते वकीलबाईंनी टाइप करू नये.

तारीख नसलेला कागद लावायचा तर आम्ही आधी तो कुणाबरोबर बांधला होता ते बघतो, मग घडी बघतो, मग शाई. बांधणी गेली होती, घड्या इस्त्रीने गेल्या होत्या, आणि आमच्या घरात शाईची एकच दौत सगळ्यांनी वापरलेली. उरले अक्षर. सुरुवात मी आजोबांपासून केली. ते घड्याळजी होते. दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाची चिठ्ठी करून ते खाली सही करत. काही चिठ्ठ्यांवर सुदैवाने तारीख होती. त्या खुंट्यांसारख्या मांडल्या आणि बाकीच्या सह्यांवरून मधेमधे बसवल्या. सुरुवातीची सही मोहरीएवढी, नीट. मग ती वाढायला लागते. मग एखादे अक्षर ओळीखाली घसरते. मग सही कागदाबाहेर जाते. आजोबांना उतारवयात दारूचे व्यसन लागले, मालकाने त्यांना दुकानातून हाकलले आणि त्यांनी विहीर जवळ केली, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मी पेन्सिलने वर लिहिले: दारूची वर्षे.

मग मोठ्या आत्याचे कागद घेतले. वडिलांची ही बहीण शाळेत शिवण शिकवायची. तिच्या पगाराच्या पावत्या होत्या. तिचीही सही मोहरीएवढी होती. तिचीही वाढली, घसरली, कागदाबाहेर गेली, आणि मग नुसता अंगठा. आत्याचे डोके फिरले म्हणून तिला मागच्या खोलीत ठेवले होते. मला ती खोली आठवते. बाहेरून कडी असे, आणि आतून पाय घासल्याचा आवाज येत राही. आत्या दारू पीत नव्हती. मी पेन्सिलने लिहिलेले खोडले.

मग वडील. बँक त्यांचीच सही त्यांना परत पाठवायची, जुळत नाही म्हणून. त्यावरून त्यांनी रोखपालाची गचांडी धरली होती. बँकेने त्यांच्याकडून नमुना सहीचे कार्ड पुन्हा पुन्हा भरून घेतले, ती सगळी कार्डे त्यांनी अपमानाचा पुरावा म्हणून जपून ठेवली होती. आम्ही म्हणायचो, म्हातारपणी हट्टी झालेत.

घरात तीन माणसांची तीन कारणे सांगितली जात होती. एकाची दारू, एकीचे वेड, एकाचा हट्ट. मी जेवणाच्या टेबलावर तिघांच्या रांगा एकीखाली एक लावल्या. तिन्ही रांगा सारख्याच होत्या.

त्यानंतर मी कपाटातून माझ्या पगाराच्या पावत्या काढल्या आणि चौथी रांग लावली. ती अर्धी होईपर्यंत मला डॉक्टरांची गरज उरली नव्हती. तरी गेले. रक्त तपासले. डॉक्टरांनी आजाराचे इंग्रजी नाव सांगितले, ते दाखल्यात आहे. हा रक्तातून येतो. आईबापांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. हात जातात, मग चाल, मग बोलणे, मग माणूस. औषध नाही. भावाने कागद जसे होते तसे आणून दिले असते तर मी पाकिटांवरच्या तारखा उतरवून घेतल्या असत्या आणि गाठोडी परत बांधली असती. सह्यांकडे मी पाहिलेही नसते. त्याच्या इस्त्रीमुळे हे सगळे कळले, आणि त्यालाच ते कळून घ्यायचे नव्हते.

त्याच महिन्यात भाचीचा फोन आला. लग्नाला दोन वर्षे झाली होती आणि तिला आता मूल हवे होते, त्यासाठी ती आणि जावई दवाखान्यात गेले होते.

"आत्या, आपल्या घरात कुणाला काही होतं का गं? इथे विचारतायत. बाबा म्हणाले काही नाही, लिही."

"मग काय लिहिलंस?"

"काही नाही, असंच लिहिलं. बरोबर ना?"

मी म्हटले, जुने कागद बघून सांगते. ती हसली. "तुझे कागद," म्हणाली. तिच्याशी माझे ते शेवटचे बोलणे. मी फोन ठेवला आणि तडक भावाकडे गेले. तो भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. समोरच्या भिंतीवर त्याने काढलेली वंशावळ काचेत लावलेली होती. मी त्याला सगळे सांगितले.

मग म्हणाला, "तुला झालंय, वाईट झालं. पण मला कशाला सांगतेस?"

"बाबांचं रक्त तुझ्यातही आहे."

"निम्मी शक्यता म्हणालीस ना? मग मी दुसऱ्या निम्म्यात."

"तपासून घे."

"नाही घेणार."

"नको घेऊस. पण पोरीला सांग. ती मुलाचा विचार करतेय. तिला ठरवायचं असेल तर आत्ताच ठरवायला हवं."

"काय सांगू? औषध आहे?"

"नाही."

"मग नुसती भीती देऊ? रोज सकाळी उठून ती स्वतःच्या हाताकडे बघणार. तेच करायला लावू?" तो उठून उभा राहिला. "ताई, तू तिच्याशी एक शब्द बोललीस तर मला बहीण नव्हती असं धरून चालेन. आणि ती पेटी मला आणून दे. काडी माझ्याकडे आहे."

मी पेटी दिली नाही. भाचीशीही बोलले नाही. तिचे फोन मी उचलत नाही, कारण तिचा आवाज ऐकला तर माझ्या तोंडाला कुलूप राहणार नाही, आणि हे बापाने सांगायचे, आत्याने नाही, असे मला तेव्हा वाटत होते. तिला वाटत असेल आत्या रागावली. मला याचे फार वाईट वाटते. लहानपणी ती माझ्या टेबलाखाली बसून कागदाच्या कातरणांच्या माळा करायची.

भाऊ अगदीच चूक बोलला असेही नाही. मला कुणी पंचविशीत विचारले असते की बाई, तुला कळून घ्यायचे आहे का, तर मी काय म्हटले असते ते मला आजही सांगता येत नाही. पण विचारले तरी असते. आत्याला, वडिलांना, आजोबांना कुणी काही विचारले नाही. त्यांना नुसती नावे ठेवली.

७. सबब पेटीची व्यवस्था पुढीलप्रमाणे. वकीलबाई म्हणतात की मृत्युपत्र मेल्यावर लागू होते. मी मरेपर्यंत थांबले तर भाचीचे ठरवून झालेले असेल. म्हणून पेटी मी आजच, सह्या झाल्याबरोबर, वकीलबाईंच्या ताब्यात देत आहे. पुढे कुणी तिच्यावर हक्क सांगू नये एवढ्यासाठी ते इथे नोंदवले आहे.

येत्या आठवड्यात वकीलबाईंनी भाचीला बोलवावे. पेटी बंद ठेवावी. तिला एवढेच सांगावे: यात आपल्या घराच्या रक्तातल्या एका आजाराचे कागद आहेत, तो तुझ्यात असेल किंवा नसेल, उघडलेस तर जे दिसेल ते पुन्हा न दिसलेले करता येणार नाही, आणि उघडायची तर मेंदूच्या डॉक्टरांसमोर उघड, त्यांना सांगून ठेवले आहे. ती नको म्हणाली तर तिची मनधरणी करू नये आणि तिला दोषही देऊ नये. पेटी तशीच ठेवावी. ती पुन्हा कधी आली तर पुन्हा द्यावी. भावाने मागितली तर देऊ नये.

त्याआधी भावाने स्वतः तिला सांगितले तर मी सगळ्यात समाधानी असेन. त्यासाठीच आज त्याला निरोप धाडला आहे की सह्या होण्याआधी येऊन हा मजकूर ऐकून जा. तो येईल असे वाटत नाही. बहीण नसलेला माणूस बहिणीच्या घरी कशाला येईल.

८. पेटीतले कागद हाताळताना हात कोरडे असावेत. चिकटपट्टी लावू नये. प्लास्टिकमध्ये बंद करू नये. काही लिहायचे तर पेन्सिलने, कागदाच्या मागे, कोपऱ्यात. इस्त्री करू नये.

९. भावाच्या भिंतीवरच्या वंशावळीत मोठी आत्या नाही. ज्यांना मूलबाळ नाही त्यांच्या फांद्या त्याने जागा पुरत नाही म्हणून गाळल्या. त्या हिशेबाने मीही तिच्यात नाही. माझे राहू द्या, पण आत्याची फांदी तिच्यात जोडून घ्यावी. शिवणाची शिक्षिका, एवढे लिहिले तरी पुरे. तिच्या हाताखाली काजे-बटणे करून शिकलेल्या बायका अजून या शहरात असतील.

१०. घर. हे घर वडिलांनी माझ्या नावे केले, कारण त्यांच्या शेवटच्या वर्षांत त्यांना भरवणारी आणि त्यांच्या शिव्या खाणारी मी होते. भावाने त्यावरून कधी तोंड वाकडे केले नाही, हे मला इथे सांगितलेच पाहिजे. तो इतकी वर्षे भाड्याच्या जागेत राहिला आहे आणि आता घरमालक त्याला जागा सोडायला सांगत आहे. आधीच्या मृत्युपत्रात मी लिहिले होते की त्याने मुलीला आजाराबद्दल सांगितले तरच घर त्याला मिळावे. ती अट मी काढून टाकली आहे. घरासाठी त्याने तोंड उघडले असते तर भाचीला ते आयुष्यभर टोचले असते, आणि मलाही. म्हणून घर, सामानासकट, बिनशर्त माझ्या भावाला. काही कारणाने ते त्याला घेता आले नाही तर भाचीला.

११. हे कलम मृत्युपत्रात बसत नाही असे वकीलबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या. बसवावे. माझे डोके जाईल तेव्हा मला मागच्या खोलीत ठेवू नये. रस्ता दिसेल अशा खोलीत ठेवावे आणि दाराला बाहेरून कडी लावू नये. मी कुणाला शिवी दिली तर ती आजाराची समजावी. तिकीट तपासनिसांना दिली तर माझी समजावी.

१२. हे कलम आयत्या वेळी घातले आहे.

वरचा मजकूर पुरा झाला तेव्हा डॉक्टर साक्षीसाठी येऊन बसले होते आणि दुसरे साक्षीदार, कोपऱ्यावरचे औषधवाले, दुकान पोरावर सोपवून निघाले होते. तेवढ्यात भाऊ आला. चपला काढून तो दाराशीच उभा राहिला. मी बस म्हटले. तो बसला, हात मांड्यांखाली घालून. वकीलबाईंनी त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवले. माशीच्या वाक्याला त्याने माझ्याकडे बघितले. काडीच्या वाक्याला बघितले नाही. घराच्या कलमाला त्याने मान खाली घातली.

मग म्हणाला, "साक्षीदार म्हणून मी सही करतो."

वकीलबाई म्हणाल्या, "तुम्हाला नाही करता येणार. म्हणजे केलीत तर चालेल, पण मग घर तुम्हाला मिळणार नाही. ज्याला मिळायचंय त्याने साक्ष द्यायची नसते."

"मग घर कुणाला जाईल?"

"तुमच्या मुलीला. तसं लिहिलंय."

"मग झालं तर."

मी म्हटले, "अरे, औषधवाले येतायत. तू राहणार कुठे? तुला त्या जागेतून काढतायत ना?"

"बघू," तो म्हणाला. "ताई, पेटीत चार रांगा आहेत म्हणालीस. शेवटची तुझी. ती पोरीने बघितली तर म्हणेल आत्याला होतं. मग माझ्याकडे येईल, बाबा, तुमचं काय, म्हणून विचारेल. मी पुन्हा काही नाही म्हणेन. मला माहितीय मी तसंच म्हणेन. तोंडाने मला जमणार नाही."

त्याने हात बाहेर काढले आणि टेबलावर ठेवले. आम्ही चौघांनी ते पाहिले. ज्या हाताने त्याने वंशावळीतली एकेक रेघ ओढली होती तो हात टेबलावर स्वस्थ पडून राहीना. मी विचारले, कधीपासून. तो म्हणाला, कॉम्प्युटर आला तेव्हापासून. मग स्वतःच म्हणाला, "कॉम्प्युटर नंतर आला."

मी रडले. हे वकीलबाईंनी टाइप करावे. मी त्याला भित्रा समजत होते, आणि तो घाबरलेलाच होता, माझ्याहून आधीपासून आणि एकटा.

औषधवाल्यांना दारातूनच परत पाठवले. भावाच्या सांगण्यावरून या मृत्युपत्राच्या दोन प्रती केल्या आहेत व दोन्हींवर सगळ्यांच्या सह्या होतील. एक वकीलबाईंच्या कचेरीत राहील. दुसरी पेटीत, सगळ्या कागदांच्या वर ठेवावी. माझा भाऊ समजून-उमजून साक्ष देत आहे आणि त्यामुळे घर भाचीकडे जात आहे, हे मला मान्य आहे. भाचीने बापाला या घरात राहू द्यावे असे मी लिहू म्हणाले तर तो नको म्हणाला. तिला सांगावे लागणार नाही, असे म्हणाला.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणेच आहे, आणि मी तो पाळला जावा या इच्छेने खाली सही करत आहे. सही ओळीत राहिली नाही तरी ती माझीच समजावी.

स्थळ: माझे राहते घर, समोरची खोली. दिनांक: आजचा.

(सही) मृत्युपत्र करणारी

आम्हा दोघांसमोर तिने सही केली व तिच्यासमोर आम्ही केल्या.

साक्षीदार पहिले: (सही)
मेंदूच्या आजारांचे डॉक्टर. मृत्युपत्र करणारी शुद्धीवर असल्याचा दाखला देणारे.

साक्षीदार दुसरे: (सही, दोन ओळींवर पसरलेली)
मृत्युपत्र करणारीशी नाते, या जागी त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले ते असे: जिच्यासाठी पेटी ठेवली आहे, तिचा बाप.